वाचनयादीत एक गेम

जून २०२० मध्ये पोलंडचे तेव्हाचे पंतप्रधान मातेउश मोराव्हिएत्स्की यांनी वॉर्सामधल्या '११ बिट स्टुडिओज' या कंपनीला भेट दिली आणि तिचा 'धिस वॉर ऑफ माइन' हा व्हिडिओ गेम शालेय पूरक वाचनाच्या यादीत समाविष्ट होणार असल्याचे जाहीर केले. गेममधला आशय प्रौढांसाठीचा असल्यामुळे तो अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपुरता आणि ऐच्छिक ठेवला गेला, आणि त्यांना तो विनामूल्य मिळावा अशी सोय झाली. ज्या यादीवर कादंबऱ्या, नाटके आणि कविता यांचाच हक्क मानला जातो तिच्यात एका गेमने शिरावे, हे कुणाला काळाबरोबर चालणे वाटेल, तर कुणाला तरुणांना खूश करण्याची सरकारी हौस वाटेल. पंतप्रधानांच्या हेतूची वकिली करण्याचे मला काही कारण नाही. त्या निर्णयाने उभा केलेला प्रश्न मात्र पोलंडपुरता उरत नाही. ज्या गोष्टीत पुढे काय घडावे हे वाचणाराच ठरवतो, ती गोष्ट साहित्य म्हणून वाचता येते का. आणि येत असेल तर शाळांनी, ग्रंथालयांनी आणि साहित्यसंस्थांनी तिची दखल घ्यावी का? माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी सहसा जे कारण पुढे केले जाते, की मुले वाचत तर नाहीतच, निदान खेळता खेळता काही शिकतील, ते मला मुळीच मान्य नाही.

आधी त्या गेमविषयी. २०१४ मध्ये आलेल्या या गेममागे १९९२ ते १९९६ या काळातल्या, बोस्नियाची राजधानी सारायेव्होच्या वेढ्याची प्रेरणा होती, पण त्यातले पोगोरेन हे शहर काल्पनिक आहे. युद्धावरच्या बहुसंख्य गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती बंदूक आणि अंगावर गणवेश असतो. इथे त्याच्या वाट्याला पडक्या घरात आसरा घेतलेली चारदोन सामान्य माणसे येतात, त्यांत कुणी आचारी असतो, कुणी फुटबॉलपटू, कुणी वार्ताहर. दिवसा बाहेर नेमबाजांची भीती, म्हणून घरातच राहून चूल मांडायची, पावसाचे पाणी साठवून गाळायचे, भिंतीतली भगदाडे बुजवायची. रात्री एकाने बाहेर पडून जे सापडेल ते आणायचे. युद्धबंदी कितव्या दिवशी होईल हे आधी कळत नाही, आणि केलेली चूक पुसून मागे जाण्याची वाटही जवळजवळ बंद ठेवलेली आहे. प्रकरणाप्रकरणाने पुढे सरकणारे कथानक इथे नाही. कुणाला जेवण दिले, कुणाला उपाशी झोपवले, शेजारी मदत मागायला आला तेव्हा दार उघडले की नाही, यातूनच ज्याची त्याची गोष्ट तयार होते.

या शहरात एका वृद्ध जोडप्याचे घर आहे. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधे आहेत आणि प्रतिकार करण्याचे बळ अजिबात नाही. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझ्या घरातला एक जण तापाने फणफणला होता, म्हणून मी त्या घरात शिरलो. म्हातारा माझ्या मागेमागे फिरत विनवत राहिला. मी औषधे घेतली. परत आल्यावर घरातल्या माणसांना आनंद व्हावा अशी माझी अपेक्षा होती, पण ज्याने चोरी केली तो खिन्न होऊन बसला आणि बाकीच्यांनाही ते सुखाने पचले नाही. कादंबरीतला नायक चोरी करतो तेव्हा मी त्याला समजून घेतो किंवा दोष देतो. दोन्ही वेळा मी खुर्चीत बसलेला असतो. इथे 'त्याने का केले' असे विचारण्याची सोयच नव्हती. या अनुभवाला सहानुभूती म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो शब्द मला सैल वाटतो. फोनच्या पडद्यावर दोन तास बोटे फिरवून सारायेव्होच्या नागरिकाचे दुःख कुणाला कळत नाही, आणि तसा दावा करणे त्या नागरिकांचा अपमानच आहे. मला कळले ते एवढेच, की विशिष्ट नियमांच्या चौकटीत सापडल्यावर मी काय करतो.

आणि नियमांची ही चौकट हेच लेखकाचे भाष्य असते, हा मुद्दा गेमविषयीच्या चर्चेत फार क्वचित येतो. ल्यूकस पोप याने बहुतांशी एकहाती रचलेल्या 'पेपर्स, प्लीज' या २०१३ मधल्या गेममध्ये खेळणारा आर्स्टोत्स्का नावाच्या काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर कागदपत्रे तपासणारा कारकून असतो. जितकी माणसे निकाली काढाल तितका मोबदला, आणि त्या मोबदल्यात घरभाडे, जेवण आणि सरपणाचा खर्च भागवायचा. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद मिळते, तिसरीपासून दंड कापला जातो. पाचव्या दिवशी एक माणूस येतो. त्याचे कागद चोख असतात, आणि जाताना तो सांगतो की मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा चांगले वागा. बायकोकडे प्रवेशपरवाना नसतो. तिला सोडले तर एक ताकीद खर्ची पडते, म्हणजे नंतर एखाद्या खऱ्याखुऱ्या चुकीला ती उरत नाही. नोकरशाहीत माणुसकी कशी मरते यावर पोपने एकही परिच्छेद लिहिलेला नाही. दयेची किंमत ताकिदींच्या हिशेबात बसवून तो गप्प बसला आहे. तसेच 'धिस वॉर ऑफ माइन'चेही. चोरीनंतर माणसे खचतात हे कुणीतरी ठरवून बसवलेले आहे, आणि प्रत्यक्ष युद्धात ती तशी खचतातच असे नाही. विद्यार्थ्याने नेमका इथेच वाद घालायला हवा. वाद घालण्यासारखे मत ज्यात आहे ते वाचण्यासारखे आहे, एवढी साधी कसोटी मी लावतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप अमेरिकी चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट याने घेतला होता. गंभीर साहित्य आणि चित्रपट लेखकाच्या नियंत्रणावर उभे असतात, गेम मात्र खेळणाऱ्याच्या निवडीवर चालतो, आणि या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, असे त्याचे म्हणणे होते. एप्रिल २०१० मध्ये तर त्याने गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत असे लिहून टाकले. त्याच वर्षी जुलैत, पुरेसे गेम न खेळता असे बोलायला नको होते, हेही त्याने मोकळेपणाने कबूल केले. त्या कबुलीचे मोठे भांडवल करू नये, कारण मूळ युक्तिवाद तिने खोडला जात नाही. वाचणाऱ्याने हवे ते करायचे असेल तर लेखकाने नेमके काय केले?

याचे उत्तर साध्या गणितापासून सुरू होते. प्रत्येक वळणावर दोन पर्याय दिले आणि प्रत्येक फाटा स्वतंत्र ठेवला, तर दहा वळणांनंतर १,०२४ आणि वीस वळणांनंतर १०,४८,५७६ शेवट लिहावे लागतील. हे कुणालाच शक्य नाही. म्हणून या प्रकारात लिहिणारा फाटे फोडतो तसाच ते पुन्हा जुळवूनही घेतो, आणि जुळवताना तुम्ही कुठून आलात याची आठवण मात्र जपून ठेवतो. तुम्ही खोटे बोललात. ते प्रकरण तिथे मिटले, मुख्य वाट पुन्हा एक झाली, पण तासाभराने एखादे पात्र त्या खोट्याचा उल्लेख करते. टोबी फॉक्सच्या २०१५ च्या 'अंडरटेल'ने याची कमाल केली. सुरुवातीला आईच्या मायेने सांभाळणाऱ्या एका पात्राला मारून, मग पस्तावून, जुना टप्पा पुन्हा उघडून तिला वाचवले, तरी गेम ते विसरत नाही. एक फूल समोर येऊन तुम्हाला सांगते की तू काय केलेस ते मला ठाऊक आहे. मुक्त निवड म्हणून जिची जाहिरात होते ती प्रत्यक्षात अशी काटेकोर विणलेली असते. लेखकाचे नियंत्रण गेलेले नाही. पूर्वी त्याला एका वाटेची काळजी असायची, आता सगळ्या वाटांवरून येणाऱ्याला तोंड द्यावे लागते. (आपल्याकडे हा विषय निघाला की महाभारतातल्या उपाख्यानांचा दाखला देण्याची पद्धत आहे. तो मला गैरलागू वाटतो. ऐकणाऱ्याला युधिष्ठिराच्या हातातले फासे काढून घेता येत नव्हते.)

असे लेखन स्वतंत्र, लहान मंडळींकडूनच अधिक का झाले, याचे कारण प्रतिभेत शोधण्यापेक्षा हिशेबात शोधावे. मोठ्या कंपनीच्या गेममध्ये एका प्रसंगासाठी अभिनेते, आवाज, हालचालींचे चित्रण आणि त्रिमित दृश्ये असा खर्च असतो, आणि तो प्रसंग निम्म्याहून अधिक लोकांना दिसणारच नसेल तर पैसे घालणारा 'हा फाटा हवाच कशाला' असे विचारणार. मजकुराला तो खर्च नाही. एस्टोनियातल्या 'झा/उम' या गटाने २०१९ मध्ये आणलेला 'डिस्को इलिझियम' याचे उत्तम उदाहरण आहे. सुमारे दहा लाख शब्दांच्या या गेममध्ये लढाई अशी नाहीच. स्मृती गमावलेला एक दारुडा पोलीस झाडाला लटकणाऱ्या प्रेताचा तपास करतो, आणि त्याच्या डोक्यातले तर्क, भीती, दुराग्रह असे चोवीस गुण स्वतंत्र पात्रांसारखे आपसांत भांडतात. पहिल्या आवृत्तीत यातला थोडाच मजकूर आवाजात ऐकू येत होता. सगळ्या संवादांना आवाज मिळाला तो २०२१ मधल्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे गेम खपल्यानंतर. आधी लिहिले आणि मग परवडले तेव्हा बोलवून घेतले, हा क्रम महत्त्वाचा आहे.

याच गेममुळे आणखी एक गैरसमज दूर होतो. शेवट जितके अधिक तितके कथन श्रेष्ठ, अशी समजूत विक्रेत्यांनी पसरवली आहे. 'डिस्को इलिझियम'मध्ये खुनी कधीच बदलत नाही. बदलतो तो तपास करणारा. तो कष्टकऱ्यांच्या राजकारणाकडे ओढला जातो, की वंशश्रेष्ठतेच्या बाता मारतो, की आपल्या शांत सहकाऱ्यासमोर लाज वाटून सुधारतो, हे खेळणाऱ्याच्या शेकडो बारीक उत्तरांतून घडते. फासा उलटा पडून एखादा प्रयत्न फसला तरी गोष्ट थांबत नाही. फसण्यासाठीही तितकेच मन लावून लिहिलेले आहे, आणि कित्येकदा तेच अधिक वाचनीय आहे.

घटना जराही न बदलता केवळ कळण्याचा क्रम वाचणाऱ्याच्या हाती देणारा दुसरा एक प्रकार आहे, आणि वाचनसंस्कृतीला तो अधिक जवळचा आहे. सॅम बार्लोच्या २०१५ मधल्या 'हर स्टोरी'मध्ये एका बाईच्या १९९४ सालच्या पोलीस चौकशीच्या चित्रफितींचे २७१ तुकडे आहेत. शब्द टाकून शोध घ्यायचा. कितीही तुकडे जुळले तरी पहिले पाचच उघडतात. त्यामुळे पुढे जायचे तर ती बाई कोणता शब्द वापरेल याचा अंदाज करावा लागतो, म्हणजे तिची भाषा बारकाईने ऐकावी लागते. पोपच्याच 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'मध्ये १८०७ साली बंदराला लागलेल्या, माणसांशिवाय परतलेल्या जहाजावरच्या साठ जणांचे काय झाले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा निरीक्षकाने शोधायचे आहे. कुणाच्या बोलण्याचा हेल, कुणाचा पेहराव, कुणाच्या झोपण्याच्या झोळीवरचा क्रमांक, एवढाच पुरावा. त्या साठांत भारतीय खलाशीही आहेत, आणि इंग्रज अधिकाऱ्यांची नावे चटकन जुळतात पण खलाशांचे चेहरे एकमेकांपासून वेगळे करायला वेळ लागतो, हे लक्षात आले तेव्हा मी स्वतःवरच थोडा ओशाळलो.

आता शाळेकडे वळू. तीस विद्यार्थ्यांनी एकच गेम खेळला तर वर्गात तीस गोष्टी होतील. परीक्षेत काय विचारणार, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याजवळ सोयीचे उत्तर नाही. ज्या व्यवस्थेत कवितेचेसुद्धा मध्यवर्ती कल्पना, भाषिक सौंदर्य आणि संदेश असे गुणांचे तुकडे पाडले जातात, तिच्या हाती असा गेम दिला तर वर्षाच्या आत बाजारात त्याचे गाईड येईल आणि वृद्ध जोडप्याच्या घरी काय करावे याचे आदर्श उत्तर पाठ होईल. म्हणून गेम अभ्यासक्रमात नको; पूरक यादीत आणि ग्रंथालयात हवा, पोलंडने ठेवला तसा ऐच्छिक. वाचनाचा खरा भाग खेळ संपल्यावर सुरू होतो. तू औषधे घेतलीस, मी घेतली नाहीत आणि माझा माणूस दगावला, आता सांग. दोघांनी एकच कादंबरी वाचली असता अशी चर्चा होतेच, पण तिथे वाद पात्राच्या वागण्यावर असतो, इथे तो बोलणाऱ्या दोघांच्या वागण्यावर असतो. मुलांना व्यसन लागेल, ही पालकांची काळजी मी उडवून लावणार नाही, पण ती ज्या गेमना लागू होते ते वेगळे: न संपणारे, रोज हजेरी मागणारे, पैसे टाकून पुढे सरकवणारे. मी सांगतो आहे ते गेम एकदा विकत घेतले की पुन्हा पैसे मागत नाहीत आणि काही तासांत, फार तर काही संध्याकाळींत संपतात.

आपल्याकडे हा फरक करण्याची शब्दसंपत्तीच धोरणात आलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला, त्यात पैशांचे गेम, ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ अशी विभागणी आहे. पैसे लावून खेळण्यावर बंदी घालण्याचे कारण समजण्यासारखे आहे. त्यात घरे बुडाली. त्याच वर्षी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, दृश्य परिणाम आणि गेमिंग यांसाठी धोरण मंजूर केले, त्याची भाषा गुंतवणुकीची आणि रोजगाराची आहे. म्हणजे गेम हा एक तर जुगार किंवा कारखाना. कुणीतरी लिहिलेली आणि कुणीतरी वाचायची वस्तू म्हणून तो सरकारदरबारी कुठेच नोंदलेला नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला, त्याआधी लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. देखण्या त्रिमित साहसकथेला लागणारा पैसा इथे उभा करणे किती अवघड आहे ते त्यातून दिसते. 'राजी'ची कथा एकरेषीय आहे, आणि खर्चाचे वरचे गणित पाहता त्यात नवल नाही.

पण मजकुराच्या गेमला तेवढा पैसा लागत नाही, आणि मराठीत सुरुवात व्हायची तर ती तिथूनच होईल. ख्रिस क्लाइमसने २००९ मध्ये तयार केलेले 'ट्वाइन' हे साधन विनामूल्य आहे. प्रोग्रॅमिंग न शिकता त्यात फाट्यांची गोष्ट रचता येते, आणि तयार होते ती एकच फाइल, जी साध्या फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते. केंब्रिजच्या 'इंकल'ने आपली 'इंक' ही लेखनभाषा २०१६ मध्ये सर्वांना खुली केली. त्यात चांदणी टाकली की पर्याय होतो आणि आडवी रेघ टाकली की फाटे जुळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते. त्या योजनेत कविता, कथा, कादंबरी, नाटक यांच्या शेजारी असा एक प्रकार वाढवायला नवे खाते लागत नाही. लागतात ते हस्तलिखित वाचण्याऐवजी खेळून पाहण्याची तयारी असलेले दोन परीक्षक.

भाषेचा मुद्दा एस्टोनियाच्या उदाहरणाने अधिक बोचरा होतो. 'डिस्को इलिझियम'चा प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्झ याने २०१३ मध्ये त्याच काल्पनिक जगावर एस्टोनियनमध्ये कादंबरी लिहिली होती. तिच्या जेमतेम हजारभर प्रती खपल्या. मग तेच जग त्याने गेममध्ये, इंग्रजीत मांडले आणि ते जगभर गेले. पुढे तो आणि त्याचे काही सहकारी कंपनीतून बाहेर पडल्याचे २०२२ मध्ये उघड झाले आणि प्रकरण न्यायालयात पोचले, म्हणजे 'स्वतंत्र' या शब्दालाही मालक असतोच. तेरा-चौदा लाख लोकसंख्येच्या देशातल्या लेखकाने इंग्रजीकडे वळावे याला मी नावे ठेवणार नाही. २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाखांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेल्या भाषेतल्या लेखकाला मात्र ती सबब पुरत नाही.

शिवाय आपल्याकडे असे विषय आहेत जे या रूपाची वाटच पाहत असावेत. दसरा उलटला आहे. बीड जिल्ह्यातल्या एका घरासमोर ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन उभा आहे. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकट्याला उचल नाही. खाडा पडला तर त्या दिवसाचे पैसे उलटे कापले जाणार, दुखणे असो की बाळंतपण. मुलगी आठवीत आहे. तिला फडावर न्यायचे तर शाळा सुटते, गावी ठेवायचे तर म्हातारी आजी आणि पाच-सहा महिने बंद घर. यावर मराठीत कथा आहेत, अहवाल आहेत, आणि ते वाचून आपण हळहळतो. इथे पडद्यावर दोन चांदण्या असतील, त्यांच्यापुढे एकेक ओळ, आणि वाचणाऱ्याने बोट ठेवल्याशिवाय पुढचे पान उघडणार नाही.